ऑस्टिनची ऑफर: पगार, माणसं आणि ऑफिसात बंदूक

वाईकर_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आता डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

सध्या मुक्काम फ्रीमाँट, बे एरिया. एका मोठ्या लिस्टेड कंपनीत बॅकएंडचं काम. एच-वन-बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा), आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीचा अर्ज) मंजूर, पुढची ग्रीन कार्डची रांग तुम्हाला ठाऊक आहेच. बायको एच-फोरवर (माझ्या व्हिसावर अवलंबून), लेक तिसरीत. ऑफर आलीय ऑस्टिनजवळच्या सिडर पार्कमधून. अडीचशे-तीनशे माणसांची खाजगी कंपनी, ट्रकवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतात, मालक लष्करातून निवृत्त झालेला.

आत्ता बेसिक १,८८,००० डॉलर, दहा टक्के बोनस, आणि आजच्या भावाने वर्षाला ६०,००० चे शेअर पदरात पडतात. तिकडे बेसिक २,००,०००, बोनस 'पंधरा टक्क्यांपर्यंत' आणि ४०,००० स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क). टेक्ससला राज्याचा आयकर नाही. इथे टू-बेडरूमला महिना ३,६०० मोजतोय, तिकडे २,४०० मध्ये मागे अंगण असलेलं घर दिसतंय.

माणसं आवडली, हे आधी सांगतो. मुलाखतीत कोडी घातली नाहीत. त्यांच्याकडे एकदा अर्ध्या ताफ्याचं लोकेशन तासभर गायब झालं होतं. त्या दिवसाचे लॉग समोर ठेवले आणि म्हणाले, चल, मिळून शोधू. आमच्याकडे दर सहामाहीला माणसांची उतरंड लावतात आणि तळाच्यांना आधी पीआयपी (सुधारायची लेखी ताकीद), मग नारळ. त्यापुढे हे फारच माणसातलं वाटलं.

आता अडलंय कुठे ते सांगतो. ऑफर लेटरसोबत कंपनीचं हँडबुक आलं. ड्रेस कोड आणि सुट्ट्या यांच्या मधे अर्धं पान आहे: ज्याच्याकडे राज्याचा परवाना आहे त्याने अंगावर झाकलेली हँडगन ऑफिसात आणायला कंपनीची हरकत नाही. दिसता कामा नये, ड्रॉवरमध्ये किंवा बॅगेत सोडून जायची नाही. बस्स, इतकंच. वर हायरिंग मॅनेजर बोलता बोलता म्हणाला की तिमाही संपली की अख्खी टीम शूटिंग रेंजवर जाते, तुला जाम आवडेल.

हे वाचल्यापासून घरात दोन तट पडलेत. मी म्हणतो माणसं बघ, बायको म्हणते हँडबुक बघ. तुम्ही काय केलं असतं?

हिंजवडीचा_हमाल

आमच्याकडे खंडेनवमीला लॅपटॉपला हळदकुंकू लावतात, कीबोर्डात कुंकू जातं म्हणून आयटीवाले बोंबलतात. तुमच्याकडे त्या दिवशी खरीखुरी शस्त्रपूजा होईल की! हलके घ्या.

अप्रेझलच्या मीटिंगमध्ये मात्र मॅनेजरशी वाद घालू नका.

मिरजेची_सतार

मी लिअँडरला, म्हणजे सिडर पार्कच्या पलीकडेच. मला एवढंच सांगायचंय की इथे राहिलं की बंदूक ही 'घटना' राहत नाही. दुकानाच्या दारावर, दवाखान्याच्या दारावर इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये लिहिलेली भली मोठी पाटी असते, आत आणू नका म्हणून. पहिले काही महिने मी प्रत्येक पाटी वाचायचे. आता ज्या दारावर पाटी नाही तेच लक्षात येतं.

तुमची लेक तिसरीत आहे म्हणून सांगते. २०२३ च्या कायद्यानंतर टेक्ससच्या प्रत्येक सरकारी शाळेत शस्त्रधारी सुरक्षा अधिकारी असायला हवा. उवाल्डीच्या शाळेत २०२२ च्या मे महिन्यात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, त्यानंतर आलेला हा कायदा. कोणाला त्याने धीर येतो, कोणाच्या पोटात गोळा येतो. मला दोन्ही होतं.

तर्कटशास्त्री

बाकीचं नंतर, आधी कायद्याचं, कारण धाग्यात ते कोणी बोलतच नाहीये आणि वाईकरांसाठी तेच जड आहे.

तुम्ही एच-वन-बीवर आहात. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. राज्य टेक्सस असो नाहीतर आणखी कुठलं, फरक नाही. अपवाद थोडे आहेत, त्यातला लोकांना माहीत असलेला म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना. 'बाळगणं' म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. रेंजवर सहकाऱ्याने हौसेने हातात दिलेलं पिस्तूल दहा मिनिटं धरलंत तरी प्रश्न उभा राहू शकतो. २०२२ पासून या कलमाची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे, आणि बंदुकीचे गुन्हे इमिग्रेशन कायद्यात देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहेत. ग्रीन कार्डवाल्याला ही बंदी नाही.

तेव्हा टीम रेंजवर गेली तर तुम्ही काचेच्या अलीकडे बसून कॉफी प्यायची, किंवा आधी इमिग्रेशन वकिलाला विचारायचं. 'सगळेच करतात' हा बचाव ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या माणसाने करू नये.

आणि अशी सहल जी कंपनी दर तिमाहीला काढते, तिच्याकडे तुमच्याआधी एकही व्हिसावाला नव्हता का? असेल तर त्याने काय केलं, हे विचाराच.

बंदा_रुपया

कोल्हापूरचा, आता राउंड रॉक. सिटिझन झालोय, परवाना आहे, रोज कमरेला असते. म्हणजे या धाग्यातला खलनायक मीच धरा.

भावा, दोन गोष्टी ध्यानात घे. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला हँडगन बाळगायला परवाना लागतच नाही. तरी तुझी कंपनी परवाना मागतेय. म्हणजे ती राज्यापेक्षा कडक आहे, सैल नाही. परवान्याला वर्ग करावा लागतो, लेखी परीक्षा असते, मग रेंजवर तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या झाडून सत्तर टक्के गुण काढावे लागतात. बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी वेगळी. असा माणूस रागाच्या भरात टेबलावर बंदूक आपटणारा नसतो. आम्ही उलट जास्त भांडणं टाळतो. ट्रॅफिकमध्ये कोणी बोट दाखवलं तर मी दुसरीकडे बघतो, पूर्वी काच खाली करून कोल्हापुरी सुनावायचो.

दुसरं म्हणजे, तुझ्या आत्ताच्या ऑफिसात दारावर 'बंदूक नाही' लिहिलंय म्हणून तू सुरक्षित आहेस असं वाटत असेल तर तुझ्या शेजारच्या गावचंच आठव. सॅन होझेचं व्हीटीएचं (तिथल्या सार्वजनिक वाहतुकीचं) रेल्वे यार्ड, २६ मे २०२१, नऊ माणसं गेली, मारणारा तिथलाच कर्मचारी. कॅलिफोर्नियाचे कायदे देशात सगळ्यात कडक.

तर्कटशास्त्री

बंदा_रुपया, आणि टेक्ससची पार्किंगची गोष्ट तुम्ही सोयीस्कर गाळलीत :)

वाईकर, हे लक्षात घ्या. १ सप्टेंबर २०११ पासून टेक्ससमध्ये कंपनी इमारतीत बंदूक आणायला मनाई करू शकते, पण कर्मचाऱ्याने कायदेशीर बंदूक स्वतःच्या गाडीत कुलूपबंद करून कंपनीच्या पार्किंगमध्ये ठेवली तर तिला अडवू शकत नाही. कंपनीच्या मालकीची गाडी, शाळा, काही रसायनांचे कारखाने असे थोडे अपवाद. असे कायदे आता वीसहून जास्त राज्यांत आहेत. सुरुवात ओक्लाहोमाने २००४ मध्ये केली. त्याआधी, २००२ मध्ये, तिथल्या एका कागदाच्या गिरणीने पार्किंगमधल्या गाड्या तपासून बंदुका सापडलेल्या कामगारांना काढून टाकलं होतं, त्यावरून रान पेटलं. मोठ्या कंपन्या कोर्टात भांडल्या, २००९ मध्ये अपिलात हरल्या.

म्हणजे तुमची तुलना 'बंदुकीची कंपनी' आणि 'बिनबंदुकीची कंपनी' अशी नाहीच. ऑस्टिनला दुसरी कुठलीही ऑफर घेतलीत तरी बंदूक पार्किंगपर्यंत आलेली असणार. फरक लिफ्टचा आणि दोन मिनिटं चालण्याचा. ती दोन मिनिटं महत्त्वाची आहेत का, हा खरा वादाचा मुद्दा. मला वाटतं आहेत. डोकं फिरलेल्या माणसाला गाडीपर्यंत जावं लागणं आणि नुसता शर्ट वर करावा लागणं यात फरक आहे.

आणखी एक. पार्किंगमधल्या बंदुकीने काही अनर्थ झाला तर कायद्याने कंपनीला नुकसानभरपाईच्या दाव्यातून बरीच सूट दिलीय. ती सूट, कंपनीला जी बंदूक नाइलाजाने चालवून घ्यावी लागते तिच्यापुरती. आत बोलावलेल्या बंदुकीचं उत्तर मालकाने त्याच्या विमा कंपनीकडून घेतलंय का, हे विचारायला हरकत नाही. टेक्ससमध्ये खाजगी कंपनीने कामगार भरपाईचा विमा काढणंसुद्धा सक्तीचं नाही, तेव्हा तोही आहे का ते बघा.

आणि इमारत त्यांची स्वतःची आहे की भाड्याची? भाड्याची असेल आणि घरमालकाने खाली पाटी लावली असेल, तर हँडबुकातलं अर्धं पान दारापाशीच संपतं.

उमरेडकर

बंदूक-बंदूक काय करून राहिले बाप्पा, आधी पैशाचा हिशोब मांडा ना. मला तर ऑफर तिथेच लंगडी दिसते.

आत्ताचे: १,८८,००० + १८,८०० + ६०,००० = २,६६,८००. यातून कॅलिफोर्नियाचा आयकर (दोघांचा मिळून भरता असं धरतो) आणि एसडीआय (राज्याचा अपंगत्व विमा) जाऊन साधारण २०,००० कमी करा. एसडीआयला पूर्वी पगाराची मर्यादा होती, २०२४ पासून ती काढली, हे बरेच जण विसरतात. राहिले २,४६,८००.

तिकडचे: २,००,००० आणि पंधराच्या पंधरा टक्के बोनस मिळाला तर ३०,०००. भाड्यात वर्षाला १४,४०० वाचतात तेही त्यांच्याच पारड्यात टाका. झाले २,४४,४००. फेडरल टॅक्स दोन्हीकडे कापला जाणारच, तो बाजूला ठेवला.

म्हणजे बोनस पूर्ण मिळाला तर कशीबशी बरोबरी. नाही मिळाला तर ३२,००० चा खड्डा. 'पर्यंत' हा शब्द ऑफर लेटरात असला की मी शून्य धरतो. त्यात सिडर पार्कला दुसरी गाडी लागेल ती वेगळी.

आणि ऑप्शन! खाजगी कंपनीचे ऑप्शन म्हणजे मोहोर, आंबा नव्हे. ४०,००० हा आकडा एकटा निरर्थक आहे. एकूण शेअर किती, तुमचा स्ट्राइक प्राइस (शेअर घ्यायचा ठरलेला भाव) काय, गुंतवणूकदारांना विक्रीत आधी किती मिळणार, आणि नोकरी सोडल्यावर ऑप्शन वापरायला नव्वद दिवस देतात की जास्त, हे चार प्रश्न विचारा. शेवटचा तर नक्की. सोडताना खिशातून पैसे घालून शेअर घ्यावे लागतात आणि ते विकता येत नाहीत.

घर घ्यायचा विचार असेल तर तिकडे प्रॉपर्टी टॅक्स दोन टक्क्यांच्या आसपास जातो. लिअँडर, लिबर्टी हिलकडच्या नव्या वस्त्यांत एमयूडीचा (पाणी-सांडपाण्याच्या स्थानिक यंत्रणेचा) कर वरून. आयकर नाही म्हणून राज्य फुकट चालत नाही.

हिंजवडीचा_हमाल

उमरेडकरांना अनुमोदन. बंदुकीच्या धाग्यात खून पगाराचा झाला.

अबोली

मी न्यू जर्सीत एचआरमध्ये आहे, त्यामुळे माझा चष्मा वेगळा. वरचा वाद वाचला. बंदा_रुपया म्हणतात परवानाधारक शांत असतो. बहुतेक वेळा असेल. माझा अनुभव रागाचा नाहीच, विसराळूपणाचा आहे.

आधीच्या एका नोकरीत (दक्षिणेतलं राज्य, अशीच परवानगी) सकाळी वॉशरूममधून एक इंटर्न पांढरीफटक होऊन माझ्या टेबलाशी आली. टॉयलेट पेपरच्या पत्र्याच्या डब्यावर पिस्तूल ठेवलेलं होतं, होल्स्टरसकट. बसताना कमरेवरून काढलं, उठताना घ्यायचं राहिलं. कोणाचं, ते आम्हाला कळेना, कारण कोणाकडे बंदूक आहे याची नोंदच नव्हती. धोरणात 'झाकलेली' लिहिलं होतं, म्हणून विचारायचंही नाही असा सगळ्यांचा समज. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि बंदुकीचा मालक येईपर्यंत मजल्यावर मेल फिरली. जिची होती ती बाई अकाउंट्समधली, सगळ्यांच्या वाढदिवसाला केक आणणारी. रडायला लागली बिचारी.

म्हणून माझा पहिला प्रश्न 'चालते का' हा नसतो. नोंद कोणाकडे आहे, विसरली तर काय, पडून गोळी सुटली तर काय, हे असतात. अर्धं पान मला फार कमी वाटतं.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. ते माणसाला कामावरून काढतात कसं? ऑफिसातल्या गोळीबारांच्या गोष्टी नीट वाचल्यात तर मारणारा बहुतेकदा रस्त्यावरून आत आलेला अनोळखी नसतो. सनीवेलच्या ईएसएल कंपनीत १९८८ मध्ये सात जण गेले, मारणारा तिथूनच काढून टाकलेला कर्मचारी. सहकारी बाईच्या तो वर्षानुवर्षं मागे लागला होता, आणि तिच्या संरक्षण आदेशाची सुनावणी दुसऱ्या दिवशी होती. मॅसॅच्युसेट्समध्ये वेकफील्डला एजवॉटर टेक्नॉलॉजीत, २६ डिसेंबर २०००, पुन्हा सात. करखात्याच्या वसुलीसाठी पगार कापला जाणार होता, त्याने एचआर आणि अकाउंट्समधली माणसं गाठली. इलिनॉयमध्ये ऑरोराला २०१९ मध्ये तर माणसाला काढून टाकण्याच्या मीटिंगमध्येच गोळीबार झाला, पाच मेले, त्यात एक पहिल्याच दिवशी आलेला इंटर्न.

या तिन्ही ठिकाणी 'बंदूक चालेल' असं काही धोरण नव्हतं, हे मीच सांगते, कोणी बोट दाखवायच्या आधी. माझं म्हणणं इतकंच की धोका साचतो तो माणसाला अपमान करून काढण्याच्या त्या अर्ध्या तासात. जी कंपनी बंदुकीला आत घेते तिने तो अर्धा तास दुप्पट विचार करून आखलेला असायला हवा.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून बहुतेक कंपन्यांना कामाच्या जागी होणाऱ्या हिंसेविरुद्ध लेखी योजना, प्रशिक्षण आणि घटनांची नोंद ठेवावी लागते. सहकाऱ्याची धास्ती वाटली तर कंपनी किंवा त्याच्या रोजच्या संबंधातला सहकारी कोर्टात जाऊन त्याची बंदूक काढून घ्यायचा आदेश मागू शकतो, ही सोय २०२० च्या सप्टेंबरपासून आहे. टेक्ससमध्ये हे नाही. उलट २०२५ मध्ये अशा आदेशांना मज्जाव करणारा कायदा आला.

बंदा_रुपया

अबोली, तुमची वॉशरूमची गोष्ट आमच्या परवान्याच्या वर्गात शिकवायला हवी. बंदूक अंगावरून काढायचीच नाही, हे पहिलं.

पण आकडेही बघूया. २०२३ मध्ये अमेरिकेत कामावर ५,२८३ माणसं मेली, त्यातले खून ४५८. सगळ्यात जास्त मृत्यू गाडी-ट्रकच्या अपघातांचे. आणि हे खून डोळ्यांपुढे आणाल तर दुकानातला गल्ला लुटताना, टॅक्सीत, पेट्रोल पंपावर. एसीत बसून यामल फायली लिहिणाऱ्याची भीती आणि त्याचा धोका यांचा मेळ बसत नाही.

साखरपा_ते_सिॲटल

आकडे ठीक आहेत, पण आपल्या रंगाचा हिशोब त्यात येतो का? २०१७ मध्ये कॅन्ससला ओलेथमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या गार्मिनच्या इंजिनिअरला काम संपवून बारमध्ये बसलेला असताना मारलं. 'माझ्या देशातून चालते व्हा' असं ओरडत. त्याच्या बायकोचा इथे राहण्याचा हक्कसुद्धा नवऱ्याच्या व्हिसाबरोबर गेला होता. वाईकरांची बायको एच-फोरवर आहे, म्हणून हे लिहितोय.

बंदा_रुपया

ते वाईटच, पण ते बारमध्ये झालं, ऑफिसात नाही. मारणारा गावातला गिऱ्हाईक. त्यावरून कंपनीचं धोरण कसं ठरवणार?

साखरपा_ते_सिॲटल

धोरण नाही ठरवत. राज्य ठरवतोय. तुम्ही तिथे राहता म्हणून तुम्हाला ते वेगळं करता येतं.

(इथून पुढे दोघांचं बरंच झालं. ट्रम्प, सेकंड अमेंडमेंट, पानिपत, सगळं येऊन गेलं. संपादकांनी ते प्रतिसाद दुसऱ्या धाग्यावर हलवलेत.)

मिरजेची_सतार

एक बारीक गोष्ट कोणी विचारली नाही. ऑफिसात बिअर आहे का? ऑस्टिनच्या बऱ्याच कंपन्यांत शुक्रवारी नळच सुरू असतो.

तर्कटशास्त्री

उत्तम प्रश्न. प्यायलेल्या अवस्थेत हँडगन बाळगणं टेक्ससमध्ये बऱ्याच ठिकाणी गुन्हा आहे. दोन्ही एका मजल्यावर असतील आणि हँडबुकात त्याबद्दल ओळही नसेल, तर ते पान कोणी विचार करून लिहिलेलं नाही.

वाईची_सून

नवीन आयडी आहे. या धाग्याच्या मालकांची बायको. यांनी 'घरात दोन तट' लिहिलंय म्हणून माझा तट मीच मांडते, कारण 'बायको हँडबुक बघ म्हणते' एवढ्यात माझं म्हणणं येत नाही.

मला बंदुकीची तशी भीती नाही. माझे आजोबा फौजदार होते, घरात रिव्हॉल्व्हर पाहतच मोठी झाले. मला भीती आहे ती यांच्या 'हो' ची. हे कोणाला नाही म्हणत नाहीत. आत्ताच्या टीमच्या ट्रेकला यांना जायचं नव्हतं, गेले, गुडघा धरून आले. उद्या तो प्रेमळ मॅनेजर रेंजवर हातात पिस्तूल देऊन म्हणाला, अरे एकदा तरी, तर हे 'नाही, माझा व्हिसा' असं सगळ्यांसमोर म्हणतील? मला शंका आहे. आणि म्हणाले तर? दर तिमाहीला काचेमागे बसणारा माणूस त्या टीममध्ये किती दिवस आपला राहतो?

आणि समजा वातावरण नाही पटलं. बंदा_रुपया दादा, तुम्ही दुसऱ्या दिवशी राजीनामा द्याल. यांनी दिला तर साठ दिवसांत दुसरी कंपनी, नाहीतर सामान बांधा. लेकीची शाळा, घराचं लीज, सगळं त्यात. मला अशी जागा हवी जिथे यांना पहिल्याच महिन्यात नाही म्हणता येईल.

हिंजवडीचा_हमाल

वहिनी, साष्टांग. मूळ धाग्यापेक्षा प्रतिसाद भारी.

उमरेडकर

वहिनी बरोबर. आणि त्यात भर घालतो. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटलेत, तर आत्ताच्या कंपनीने ते मागे घेतलं तरी तुमची प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा) जात नाही, एच-वन-बीची मुदतवाढही त्यावर मिळत राहते. ते भय काढून टाका. पण नव्या कंपनीला पर्म (ग्रीन कार्डसाठी कामगार खात्याची मंजुरी) आणि आय-१४० पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. ते कधी सुरू करणार, हे ऑफर लेटरात लिहून घ्या. तोंडी 'करू की' ला माझ्याकडे बोनसइतकीच किंमत आहे.

वाईकर_फ्रीमाँट

सगळ्यांचे आभार. (बायकोने आयडी काढलेला मला इथेच कळला.)

तुमचे प्रश्न जमवून एचआरला मेल टाकली, मग त्या बाईंचा फोन आला. चांगलं बोलल्या, काही लपवलं नाही. उत्तरं अशी:

इमारत कंपनीची स्वतःची आहे. त्यामुळे पाटीचा प्रश्न नाही.

कोणाकडे बंदूक असते याची नोंद ठेवत नाहीत. 'आम्ही विचारत नाही, तो त्यांचा खाजगी प्रश्न,' म्हणाल्या. परवाना आहे का हेही कोणी तपासत नाही, विश्वासावर.

बिअर आहे. दर गुरुवारी. त्यावर त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, बंदूक असलेली माणसं पीत नाहीत. मी विचारलं, कोणाकडे आहे हे ठाऊक नसताना हे कसं ठाऊक? हसल्या. मीही हसलो, काय करणार.

काढून टाकायची पद्धत: मॅनेजर खोलीत बोलावून सांगतो, मग एचआर येतं. ठरलेली अशी काही प्रक्रिया नाही, वेळ फारशी येत नाही म्हणाल्या. कामगार भरपाईचा विमा मात्र आहे.

रेंज ऐच्छिक आहे. याआधी व्हिसावर दोघे होते, त्यांनी काय केलं हे त्यांना माहीत नाही. फेडरल बंदीबद्दल त्यांना कल्पना नव्हती, लिहून घेतलं.

पर्म एक वर्ष झाल्यावर 'कामगिरी बघून'. ऑप्शन सोडल्यावर नव्वद दिवस. एकूण शेअर किती ते सांगायला नकार.

तेव्हा मी कळवलंय: पर्म रुजू होताच सुरू करण्याचं लेखी द्या आणि पहिल्या वर्षीच्या बोनसची खात्री द्या, नाहीतर मला जमणार नाही. बंदुकीबद्दल इतकंच लिहिलं की नोंद आणि परवान्याची तपासणी होणार असेल तर मला बरं वाटेल. हे मागावं की नाही यावर घरात तासभर चर्चा झाली. बायको म्हणाली, मागितल्याशिवाय 'नाही' म्हणायची सवय लागणार नाही.

अबोली

'काढून टाकायची वेळ फारशी येत नाही' हे वाक्य मी दोन कंपन्यांत ऐकलंय. दोन्हीकडे वर्षभरात ले-ऑफ झाले.

बंदा_रुपया

भावा, मी इथे सगळ्यांशी भांडलो, पण हे वाचून सांगतो, त्या ऑफिसात मीसुद्धा बसणार नाही. परवाना मागायचा आणि बघायचा नाही, याला अर्थ नाही. माझ्या ऑफिसात आत बंदी आहे, मी रोज गाडीच्या तिजोरीत कुलूप लावून वर जातो. गैरसोय होते, कुरकुर करतो, पण नियम काय आहे हे मला आणि वॉचमनला दोघांनाही ठाऊक असतं. तुझ्या कंपनीत गुरुवारी बिअर घेऊन शेजारी बसलेल्याच्या कमरेला काय आहे, हे मालकालाही ठाऊक नाही.

पर्मचं लेखी आलं तरी नोंदीचं उत्तर काय येतं ते बघ. माझ्याकडे इथल्या दोन-तीन ठिकाणची रेफरल आहेत, विपु (विचारपुशीत निरोप) कर.

वाईकर_फ्रीमाँट

विपु केलीय. रेझ्युमे रात्री पाठवतो.

मिरजेची_सतार

आणि ते २,४०० चं घर लिअँडर आयएसडीत (शाळांच्या जिल्ह्यात) आहे की राउंड रॉक आयएसडीत, ते आधी बघा. सिडर पार्कमध्ये पत्ता एक आणि शाळा भलतीच असं होतं.